गुरुवारची दुरुस्ती

आमच्या घरातला कॉम्प्युटर मुलीच्या कॉलेजसाठी घेतलेला. कॉलेज संपलं, तिला नोकरी लागली, ती हिंजवडीशेजारी मारुंजीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि कॉम्प्युटर आमच्याकडे मागे राहिला. पिंपळे गुरवच्या आमच्या घरात बाहेरच्या खोलीच्या खिडकीशी तो दोन वर्षं क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला होता. मग सगळे घरात कोंडले गेले ते दिवस आले, आणि माझ्या बायकोने तो रुमाल काढला.

तिला त्या जगात नेलं तिच्या भाचीने. भाची कॅनडात असते. ते जग फक्त पडद्यावरचं. खेळ म्हणावा तर त्यात हारजीत नाही, सिनेमा म्हणावा तर त्याला शेवट नाही. आपण एक बाहुली घ्यायची, तिला साडी नेसवायची आणि बाणांच्या कळा दाबून तिला चालवायचं. तिथे जागा मिळते, घर बांधता येतं, झाडं लावता येतात आणि जगात कुठूनही आलेल्या दुसऱ्या बाहुल्यांशी माईकवर गप्पा मारता येतात. त्या बाहुलीला तिकडे अवतार म्हणतात हे कळलं तेव्हा मी इतका हसलो की हातातला चहा सांडला. ‘काय हा अवतार’ हे वाक्य आमच्या घरात रोज संध्याकाळी मला ऐकावं लागतं, मी ग्रीस माखून घरी येतो तेव्हा.

मी चाकणला, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. सत्तावीस वर्षं झाली. जुनं मशीन हा माझा जिव्हाळ्याचा विषय. ज्या प्रेसला लोकांनी भंगारात काढलं होतं ती मी अजून चालवून दाखवतोय, हे मी कुणालाही, न विचारता सांगतो. स्वभाव तापट आहे. बंद पडलेल्या मशीनवर मी चिडत नाही, त्याच्याभोवती उभं राहून सल्ले देणाऱ्यांवर चिडतो.

बायको वीस वर्षं बालवाडीत शिकवत होती. ते सोडल्यावर तिला दिवस खायला उठायचा. आमच्या घराला अंगण नाही, कपडे वाळत घालायची गॅलरी आहे. त्या पडद्यातल्या जगात मात्र तिने अंगण केलं. मधोमध तुळस, कुंपणावर जाईचा वेल, पायरीवर पणत्या आणि दारात एक रांगोळी. ही रांगोळी तिने आयती घेतली नव्हती, ठिपका ठिपका ठेवून स्वतः काढली होती. दर रविवारी सकाळी तिथे अकरा बाया जमायच्या. कुणी दुबईची, कुणी नाशिकची, तिघी-चौघी अमेरिका-कॅनडातल्या, ज्यांच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असायची. भाची तिला मावशी म्हणते म्हणून सगळ्याच मावशी म्हणायच्या.

मी हे सगळं ऐकून सांगतोय, कारण रविवारी मी घरी नसायचो. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. रविवारी सकाळी बायका अंगणात जमायच्या तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये मान टाकून झोपलेला असायचो. संध्याकाळी आलो की ती जेवताना मला सगळा वृत्तांत द्यायची.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता त्या बायकांनी ठरवलं की येत्या नवरात्रात आपण भोंडला करायचा. बायको साताऱ्याकडची, ती त्याला हादगा म्हणते. पाटावर हत्ती काढायचा, त्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी डब्यातली खिरापत ओळखायची. गाणी पाठ होती फक्त हिला. म्हणून पुढे राहून गाणं हिने सांगायचं आणि फेराची पहिली पावलंही हिनेच टाकायची असं ठरलं. तिकडे एक बटण दाबलं की बाहुली आपोआप नाचते म्हणे. ते हिने साफ नाकारलं. “फेर आपल्या पायाने धरायचा,” म्हणाली. पाय म्हणजे बाणाची कळ. एका ओळीला एक पाऊल, मग टाळी, मग पुढचं पाऊल.

माझी बायको आयुष्यात स्वतःसाठी काही मागताना मी पाहिली नव्हती. हा हादगा मात्र तिला हवा होता. बालवाडी सुटल्यापासून कुणी तिच्यामागून गाणं म्हटलं नव्हतं.

जूनमध्ये तालीम सुरू झाली आणि पहिल्याच रविवारी फेर तुटला. बाकीच्या बाहुल्या पुढे गेल्या, हिची मागेच राहिली, आणि मागून येणारी हिच्यावर धडकली. बाया हसल्या, म्हणाल्या, मावशी, तुमचा कॉम्प्युटर बदला. रात्री जेवताना तिने मला हे सांगितलं आणि वर म्हणाली, “अहो, माऊसवर माझा हात जड लागतो.”

मी पुढच्या गुरुवारी नवा, हलका माऊस आणला.

मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, नवीन घेऊ या ना. किती जुना झालाय तो.” मी म्हटलं, चालू मशीन फेकायला आपण काय येडे आहोत? हा कॉम्प्युटर नीट सर्व्हिसिंग केलं तर अजून पाच वर्षं पळेल. मला खरं तर आनंद झाला होता. घरात माझ्या हाताला येईल असं काम पहिल्यांदा आलं होतं.

पहिल्या गुरुवारी मी पेटी उघडली. आत इतकी धूळ होती की पंख्याच्या पात्या दिसत नव्हत्या. ब्रशने आणि ब्लोअरने सगळं झाडून काढलं, मुख्य चिपवरची वाळून कडक झालेली पेस्ट खरवडून नवी लावली. दुसऱ्या गुरुवारी मेमरी वाढवली. तिसऱ्या गुरुवारी फिरती डिस्क काढून बिनफिरती बसवली आणि वायफायच्या भरवशावर न राहता खोलीभर इंटरनेटची केबल टाकली. त्या केबलला अडखळून बायको एकदा पडता पडता वाचली. मी म्हटलं, बघून चालत जा.

कपाटाच्या दारावर मी एक तक्ता चिकटवला. कंपनीत कुठलीही सुधारणा केली की आधी आणि नंतर असा तक्ता लावायचा असतो, त्याशिवाय साहेब लोकांचा विश्वास बसत नाही. त्यात मी रकाने आखले: तारीख, केलेलं काम, आकडा. आकडा म्हणजे पडदा एका सेकंदात किती वेळा चित्र नव्याने रंगवतो तो. कोपऱ्यात दिसतो. आठ-नऊ असला तर बाहुल्या अडखळतात, तीसच्या पुढे गेला की लोण्यासारखं चालतं. चौथा रकाना होता ‘रविवारचा अनुभव’. तो बायकोने भरायचा. पहिल्या रविवारी तिने टपोऱ्या, बालवाडीच्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मागे पडले.’

आकडा नऊवरून चौदावर गेला, चौदावरून एकोणीसवर. दर गुरुवारी मी स्वतः बसून तिची बाहुली अंगणात चालवून बघायचो. छान चालायची. आणि दर रविवारी ती लिहायची, ‘थोडं मागे.’ ‘आज पण मागे.’ ‘टाळी उशिरा.’

मग मी आत शिरलो. त्या जगाच्या सेटिंगमध्ये. सावल्या बंद केल्या. पाण्यावरची चमक बंद केली. नजर किती लांब पोचावी याचा एक आकडा असतो, तो इतका कमी केला की अंगणापलीकडचा डोंगर नाहीसा झाला. हिच्या बाहुलीची नऊवारी फार जड होती, निऱ्या निऱ्या मोजून केलेली. ती उतरवून साधं पातळ नेसवलं. नथ काढली. अंबाड्यावरचा गजरा काढला, कारण एकेका कळीचा वेगळा भार पडत होता.

तरी मागेच. तेव्हा मी आमचं हुकमी हत्यार काढलं. कंपनीत वर्षातून एकदा लाल टॅगची मोहीम असते. शॉपमध्ये, म्हणजे मशीनं चालतात तिथे, फिरायचं, आणि जी वस्तू कामाला येत नाही तिला लाल चिठ्ठी बांधायची. आठ दिवसांत कुणी दावा सांगितला नाही तर ती वस्तू बाहेर. मी एका गुरुवारी बायकोला शेजारी बसवून तिच्या अंगणात ही मोहीम चालवली.

“हा वेल लागतो का?”

“शोभेला आहे.”

“शोभा नको. पणत्या?”

“काढा.”

“इतकी फुलं? शंभर फुलं आहेत ही.”

“काढा ना. तुम्हाला ठीक वाटेल ते.”

रांगोळीत किती ठिपके होते ते मी मोजलं नाही, पण प्रत्येक ठिपका ही वेगळी वस्तू होती आणि मशीनला त्या सगळ्या उचलाव्या लागत होत्या. मी तीही काढली. काढलेल्या वस्तू तिथल्या कचरापेटीत जातात आणि पेटीचाही भार असतो असं मी वाचलं होतं, म्हणून पेटी रिकामी केली. बायको एवढंच म्हणाली, “हत्ती राहू द्या. नाहीतर फेर कशाभोवती धरायचा?” हत्ती राहू दिला. उघड्या माळावर एक तुळस आणि एक पाटावरचा हत्ती. आकडा एकतीस. मी त्या दिवशी स्वतःवर इतका खूश होतो की खाली जाऊन भेळ घेऊन आलो.

त्या रविवारी मी घरी आलो ते विचारतच, “काय, आज कसं झालं?”

ती ताट वाढत होती. म्हणाली, “मागे पडले हो.”

माझा तोल गेला. एकतीस आकडा असताना मागे पडायचं कारणच नव्हतं. मी म्हणालो, “मशीन शंभर टक्के आहे. मी स्वतः चालवून बघितलंय. आता चूक असेल तर तुझी. तुझं लक्ष नसतं.” तिने भात वाढला, वरण वाढलं. जेवण झाल्यावर ती कपाटापाशी उभी राहून लिहीत होती आणि तिला एवढ्याशा ओळीला फार वेळ लागत होता. दुसऱ्या दिवशी मी वाचलं. ‘आज माझं लक्ष नव्हतं.’ अक्षर इतकं बारीक होतं की मला चष्मा चढवावा लागला. मी तिला तेही ऐकवलं, “एवढं मुंगीसारखं कशाला लिहितेस? कागद संपत आलाय का?”

इथे मला एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला माहीत होती आणि तरीही मी असा वागलो. कंपनीत नवीन असताना मी एका लाइनच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, ‘मशीन ओके, ऑपरेटर स्लो.’ तो ऑपरेटर लातूरकडचा होता. त्याने मला मशीनपाशी गाठलं आणि शांतपणे म्हणाला, “साहेब, कागदात काय बघायलाव? जरा इथं येऊन उभं ऱ्हावा की.” मी अर्धा तास उभा राहिलो. मालाची पेटी त्याच्या पाठीमागे ठेवलेली होती, प्रत्येक नगाला त्याला पूर्ण वळावं लागत होतं. पेटी पुढे घेतली आणि तोच माणूस लाइनवर सगळ्यांत जलद ठरला. तेव्हापासून प्रत्येक नव्या पोराला मी पहिल्या दिवशी हेच सांगत आलोय की पाना नंतर उचल, आधी काम करणाऱ्या माणसाजवळ जाऊन उभा राहा. सगळ्या शॉपला हे माझं वाक्य पाठ आहे. ते माझी नक्कलही करतात.

आणि माझ्या घरात जून ते नवरात्र, मी एकदाही तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो नव्हतो. मशीन बघितलं ते गुरुवारी, आणि चालवून बघितलं ते माझ्या बोटांनी.

नवरात्रातल्या रविवारी हादगा ठरला. मी त्या दिवसाची रजा टाकली. खरं सांगायचं तर मला माझं काम बघायचं होतं. अकरा बाया एका वेळी पडद्यावर आल्या तरी माझं मशीन दम टाकत नाही हे मला बघायचं होतं. बायकोने सकाळीच वाटली डाळ केली होती. पडद्यावर खिरापत ओळखता येते, खाता येत नाही, त्यामुळे प्रत्येकीने आपापल्या घरी काहीतरी करायचं आणि बाकीच्यांनी नुसतं ओळखायचं असं ठरलं होतं. डाळीला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. मी आतून ओरडलो, “अगं, आवर. बाया यायच्या वेळेला तू मिक्सरपाशीच असशील.”

तिने नवी साडी नेसली होती, कॅमेरा नसताना. खुर्चीवर बसली, कानाला माईक लावला. मी मागे स्टूल घेऊन बसलो. एकेक बाहुली उगवत गेली. हत्तीभोवती गोल झाला. मी कोपऱ्यातला आकडा बघत होतो. एकतीस, तीस, अठ्ठावीस. अकरा जणी आल्या तरी अठ्ठावीस. मला टाळी वाजवावीशी वाटली.

बायकोने गाणं धरलं. आवाज तिचा, तोच. वीस वर्षं पोरांना शिकवलेला, स्पष्ट, ठेक्यात. पहिली ओळ झाली, पावलाची जागा आली, बाकीच्या बाहुल्यांनी पाऊल टाकलं. हिची उभी. मग टाकलं. दुसरी ओळ. तेच. मी लगेच पडद्याकडे बघितलं. आकडा अठ्ठावीस, कुठे काही अडकत नव्हतं. म्हटलं, कळ अडकत असेल. खाली वाकून कीबोर्डकडे बघितलं.

आमच्या कामात बिघाड शोधायची एक रीत आहे. एका टोकापासून एकेक गोष्ट बाद करत जायचं. इंटरनेट बाद करायचं म्हटलं तर ते तर बादच होतं, कारण गाणं कॅनडातून येत नव्हतं, माझ्या समोर बसलेल्या बाईच्या तोंडातून येत होतं. पडदा बाद, कारण कळ दाबली की बाहुली त्याच क्षणी हलत होती. कळ बाद, कारण कळ खालपर्यंत जात होती. मग राहिलं काय? मी तिच्या उजव्या हाताकडे बघितलं. गाणं तिचं, ठेका तिचा, ओळ कुठे संपणार हे तिला सगळ्यांच्या आधी ठाऊक. ओळ संपली. बोट कळेच्या वर होतं. ते तिथेच राहिलं. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि मग ते खाली गेलं.

मी पुढच्या ओळीलाही तेच बघितलं. आणि त्याच्या पुढच्या. मला उठून सेटिंगची खिडकी उघडावी, पेटीचं झाकण काढावं, काहीतरी करावं असं वाटत होतं. माझे हात मांडीवर होते आणि त्यांना काही कामच नव्हतं.

बायकांनी बहुतेक ते ओळखलं नाही, पण एकीने आपल्या माईकवर पुढची ओळ जरा ओढून म्हटली, दुसरीने तिच्याहून ओढून, आणि फेर हळूहळू हिच्या चालीवर आला. शेवटपर्यंत तुटला नाही. खिरापत कुणालाच ओळखता आली नाही. बायको खूश होती. माईक काढून ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “आज नाही ना मागे पडले?”

मी म्हटलं, “नाही.” मग राहवलं नाही. म्हटलं, “तुझा हात कधीपासून असा चालतोय?”

“मी सांगितलं होतं की,” ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. “हात जड लागतो म्हटलं होतं. तुम्ही माऊस आणलात. मग मला वाटलं, मशीनच असेल. तुम्ही इतक्या खात्रीने सांगत होता.”

वाटली डाळ डब्यात तशीच होती. मी ती खाल्ली, ती समोर बसली होती म्हणून.

चिंचवडला डॉक्टरांकडे जाताना मी कपाटावरचा तक्ता काढून घडी करून खिशात घातला. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. डॉक्टरांनी तिला अंगठा आणि बोट भराभर जुळवायला सांगितलं, खुर्चीतून उठून चालायला सांगितलं, कागदावर एक ओळ लिहायला सांगितली. ओळ उजवीकडे जाता जाता बारीक होत गेली. तेव्हा मी खिशातून तक्ता काढून त्यांच्यापुढे ठेवला.

ते बराच वेळ वाचत होते. जूनमधलं टपोरं ‘मागे पडले’, जुलैतलं त्याहून लहान, ऑगस्टमधलं त्याहून. बोट फिरवत ते शेवटच्या ओळींपर्यंत आले, ‘आज माझं लक्ष नव्हतं’ तिथे थांबले, आणि म्हणाले, “इतकी व्यवस्थित नोंद सहसा कुणी आणत नाही. तुम्हीच ठेवलीत का?”

मी हो म्हणालो. आयुष्यात मला इतकं लाजिरवाणं कौतुक मिळालेलं नाही.

त्यांनी कंपवात सांगितला. मी म्हटलं, पण तिचे हात कापत नाहीत. ते म्हणाले, सगळ्यांचे कापतातच असं नाही, काहींचं नुसतं मंदावत जातं. गोळ्यांनी बरंच बरं वाटेल, व्यायाम ठेवा, पण आजार राहणार आणि हळूहळू पुढे सरकणार. मी विचारलं, जूनमध्येच आलो असतो तर? ते म्हणाले, आजार तेव्हाही हाच असता, गोळ्या चार महिने आधी सुरू झाल्या असत्या आणि तेवढे दिवस त्यांना सोपे गेले असते. त्यांनी हे मला धीर द्यायला सांगितलं. मी ते चार महिने अजून मोजतो. कुठला भाग बदलायचा, कुठून मागवायचा, किती दिवसांत येईल, हे प्रश्न माझ्या तोंडाशी येत होते आणि त्यातला एकही विचारण्यासारखा नव्हता. बायकोने मात्र विचारलं, “मी रविवारी फेर धरू शकते ना?” डॉक्टरांना काही कळलं नाही, पण ते हो म्हणाले.

घरी आल्यावर तिने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, माझं अंगण मला परत लावून द्या. दुसरी, त्या बायकांना काही कळू द्यायचं नाही. “कॉम्प्युटर जुना आहे, एवढंच सांगायचं.”

मी म्हटलं, “अगं, पण तो आता चांगला चालतो.”

“मग वाईट चालू दे,” ती म्हणाली.

मी वेल परत लावला, पणत्या परत ठेवल्या, नजरेचा आकडा वाढवून डोंगर आणला. नऊवारी नेसवली, नथ घातली. फुलं शंभर होती की नव्वद ते आठवेना, मी शंभर ठेवली. रांगोळी मात्र कुठेच नव्हती, कारण पेटी मीच रिकामी केली होती. ती नव्याने काढावी लागली, आणि आता ती काढायला तिचं बोट पुरेना. म्हणून मी खुर्चीत बसलो आणि ती स्टुलावर. “खाली. अजून खाली. तिथे नाही हो, दोन ठिपक्यांच्या मधे.” मशीनचं काम केलेली माझी बोटं, एका ठिपक्याला तीन वेळा चुकायची. मी चिडलो की ती म्हणायची, “लक्ष नाहीये तुमचं.” आणि हसायची. गोळ्यांमुळे असेल, त्या दिवसांत तिचं हसू जरा मोकळं झालं होतं. चार आठवड्यांनी रांगोळी झाली. पहिल्यासारखी नाही झाली. एका बाजूला झुकलेली आहे.

मेंटेनन्सवाल्यांना सुट्टीच्या दिवशी खरं काम असतं, कारण लाइन बंद असते. पूर्वी मी ती गुरुवारची पाळी टाळायचो. आता आपणहून नाव देतो आणि बदली सुट्टी रविवारी घेतो. कोपऱ्यातला तो आकडा मी बंद करून टाकला आहे. शेवटचा पाहिला तेव्हा अकरा होता. तक्ता मी कपाटावर परत लावला नाही, टाकूनही दिला नाही.

गेल्या रविवारीही अकरा जणी आल्या होत्या. आता दर रविवारी शेवटी एक गाणं आणि एक फेर होतोच, नवरात्र असो नसो. बायकोने ओळ धरली. आवाज थोडा उतरलाय, माईकमुळे त्यांना जाणवत नसावं. पाऊल टाकायची जागा आली आणि फेर थांबला.

“मावशी, परत अडकलं का?” दुबईची म्हणाली.

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी वाकून माईकपाशी गेलो. सत्तावीस वर्षांत मी कुठल्याही साहेबासमोर माझ्या मशीनला नावं ठेवलेली नाहीत.

“आमचा कॉम्प्युटर फार जुना झालाय हो,” मी म्हणालो. “जरा थांबा.”

“काका, बदला ना आता!”

“बघतो,” म्हटलं.

त्या अकरा जणी हत्तीभोवती थांबून राहिल्या. मी स्टुलावर थांबलो. तिचं बोट कळेच्या वर होतं. मग ते खाली आलं आणि नऊवारीतल्या बाहुलीने पाऊल टाकलं.